गिल मॅकडूगल्ड: जिथे उभं करतील तिथे

(दृश्य: सकाळचं रिकामं बेसबॉल मैदान. कॅमेरा सेकंड बेसवरून शॉर्टस्टॉपच्या जागेकडे आणि तिथून थर्ड बेसकडे हळूहळू सरकतो.)

कॅमेरा आत्ता जेवढा फिरला, तेवढ्या मातीत गिल मॅकडूगल्डची जवळपास सगळी कारकीर्द झाली. 1951 ते 1960 ही दहा वर्षं तो न्यूयॉर्क यांकीजकडून खेळला. बेस म्हणजे मैदानातल्या चौकोनाचे कोपरे, धावणाऱ्याने ओळीने गाठायचे. सेकंड बेसवर सुमारे 600 सामने, थर्ड बेसवर 500 हून जास्त आणि शॉर्टस्टॉपला, म्हणजे सेकंड आणि थर्ड बेसच्या मधल्या जागेवर, 280 च्या आसपास. या दहा वर्षांत यांकीज आठ वेळा वर्ल्ड सिरीजला, म्हणजे दोन लीगच्या विजेत्यांमधल्या अंतिम मालिकेला, पोचले आणि त्यातल्या पाच जिंकले.

क्रिकेट बघत वाढलेल्या आपल्याला वाटेल, यात एवढं काय? आपल्याकडे षटक संपलं की निम्मे क्षेत्ररक्षक जागा बदलतात. बेसबॉलच्या इनफिल्डमध्ये, म्हणजे बेसच्या आसपासच्या आतल्या भागात, मात्र प्रत्येक जागेचं कसब वेगळं. थर्ड बेसवर चेंडू अंगावर येतो, सिली पॉइंटला उभ्या असलेल्या माणसासारखं नुसत्या प्रतिक्षिप्त क्रियेवर खेळावं लागतं, आणि अडवला की तोच चेंडू जवळजवळ 39 मीटर लांब फर्स्ट बेसला सपाट फेकायचा असतो. शॉर्टस्टॉपने सगळ्यात जास्त जमीन राखायची, शरीर एकीकडे धावत असताना फेक दुसरीकडे करायची. आणि सेकंड बेसवर डबल प्ले, म्हणजे एका चेंडूत दोघं बाद, करताना प्रतिस्पर्धी घसरत थेट तुमच्या पायांवर येत असतो. त्याची पर्वा न करता चेंडू घ्यायचा, वळायचं आणि फेकायचा.

मॅकडूगल्ड 1952 साली थर्ड बेसवर, 1955 साली सेकंड बेसवर आणि 1957 साली शॉर्टस्टॉपला अमेरिकन लीगमध्ये (दोन मुख्य लीगपैकी एक, यांकीज याच लीगमधले) त्या त्या जागेवर सर्वाधिक डबल प्ले करणारा खेळाडू ठरला. माझ्या लेखी त्याच्या कारकिर्दीतली सगळ्यात मोठी नोंद हीच. होमरनच्या, म्हणजे चेंडू थेट मैदानाबाहेर मारण्याच्या, यादीत ती दिसत नाही, म्हणून तो विसरला गेला.

(दृश्य: जुनं कृष्णधवल छायाचित्र. फलंदाजीसाठी उभा असलेला मॅकडूगल्ड.)

जन्म 1928 चा, सॅन फ्रान्सिस्कोचा. त्याची उभं राहण्याची तऱ्हा बघा. पाय फाकलेले, बॅट सैल, तिचं टोक खाली झुकलेलं. कुठलाही प्रशिक्षक पहिल्याच दिवशी ते सुधारायला गेला असता. पण 1950 साली टेक्सास लीग या खालच्या स्तरावरच्या लीगमधल्या बोमाँट संघात त्याचा मॅनेजर होता रॉजर्स हॉर्न्सबी, बेसबॉलच्या इतिहासातल्या थोर फलंदाजांपैकी एक. हॉर्न्सबीने त्याला तसंच खेळू दिलं. त्या मोसमात मॅकडूगल्ड टेक्सास लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि पुढच्याच वर्षी यांकीजमध्ये आला.

त्याच वर्षी यांकीजमध्ये आणखी एक नवखा पोरगा आला होता, मिकी मँटल. सगळ्यांच्या नजरा मँटलवर. पण 3 मे 1951 ला सेंट लुईस ब्राउन्सविरुद्ध मॅकडूगल्डने एकाच इनिंगमध्ये सहा धावा घडवून आणल्या. ऑक्टोबरमध्ये वर्ल्ड सिरीजच्या पाचव्या सामन्यात त्याने प्रतिस्पर्धी जायंट्सचा पिचर (चेंडू फेकणारा) लॅरी जॅन्सनला ग्रँड स्लॅम मारला, म्हणजे तिन्ही बेसवर साथीदार असताना होमरन, एका फटक्यात चार धावा. पदार्पणाच्या वर्षात वर्ल्ड सिरीजमध्ये ग्रँड स्लॅम मारणारा तो पहिलाच. अमेरिकन लीगचा सर्वोत्तम नवोदित म्हणूनही तोच निवडला गेला. खरं सांगायचं तर शिकागोच्या मिनी मिन्योसोची आकडेवारी त्या वर्षी त्याच्याहून सरस होती, आणि तो वाद जुने चाहते अजून घालतात.

यांकीजचा मॅनेजर केसी स्टेंगल माणसं सतत फिरवायचा. कोरियन युद्धाच्या काळात सेकंड बेसचा जेरी कोलमन सैन्यात गेला, नंतर बिली मार्टिनही गेला. शॉर्टस्टॉपचा फिल रिझुटो वयाने थकत चालला. पुढे टोनी कुबेक, बॉबी रिचर्डसन ही तरुण पोरं आली. भोक कुठेही पडो, ठिगळ एकच.

8 ऑक्टोबर 1956. वर्ल्ड सिरीजचा पाचवा सामना. दुसऱ्या इनिंगमध्ये जॅकी रॉबिन्सनने थर्ड बेसकडे सणसणीत चेंडू मारला. अँडी केरीच्या ग्लोव्हला लागून तो उडाला आणि शॉर्टस्टॉपला उभ्या मॅकडूगल्डकडे गेला. त्याने उचलून फेकला. रॉबिन्सन थोडक्यात बाद. त्या दिवशी पिचर डॉन लार्सनने एकाही फलंदाजाला बेसवर पोचू दिलं नाही. वर्ल्ड सिरीजमधला तसा सामना आजवर तो एकच.

(दृश्य: रात्रीच्या दिव्यांखालचा पिचरचा उंचवटा. आवाज नाही.)

7 मे 1957, क्लीव्हलँड. समोर 23 वर्षांचा हर्ब स्कोअर, लीगमधला सगळ्यात धडाकेबाज डावखुरा पिचर. पिचर आणि फलंदाज यांच्यात अंतर असतं साडेअठरा मीटरही नाही, आपल्या खेळपट्टीपेक्षा कमी. पहिल्याच इनिंगमध्ये मॅकडूगल्डने मारलेला चेंडू सरळ स्कोअरच्या उजव्या डोळ्यावर बसला. तिथून उडालेला चेंडू थर्ड बेसवाल्याने उचलून फर्स्टला फेकला, मॅकडूगल्ड बाद झाला, आणि धावत स्कोअरकडे गेला.

स्कोअरची दृष्टी गेली तर मी खेळ सोडेन, असं तो तेव्हा म्हणाला. दृष्टी परत आली, तो वेग मात्र आला नाही. त्याला कारण पुढच्या वर्षी झालेली हाताची दुखापत, असं स्कोअर स्वतः सांगत राहिला. त्याने मॅकडूगल्डला कधी दोष दिला नाही.

आणि इथे 1955 चा ऑगस्ट सांगायलाच हवा. सामन्याआधीच्या सरावात संघातल्याच सहकाऱ्याने मारलेला चेंडू मॅकडूगल्डच्या डाव्या कानामागे लागला होता. कवटीला तडा गेला. थोड्याच दिवसांत तो मैदानात परतला आणि पुढची पाच वर्षं खेळला. दरम्यान त्याचं ऐकू येणं हळूहळू कमी होत गेलं.

13 ऑक्टोबर 1960, पिट्सबर्ग. वर्ल्ड सिरीजचा सातवा सामना, नववी इनिंग. मॅकडूगल्ड दुसऱ्याच्या जागी धावायला आला आणि बरोबरीची धाव त्यानेच पूर्ण केली, 9-9. मग क्लीट बॉयर शॉर्टस्टॉपला सरकला आणि मॅकडूगल्ड थर्ड बेसला गेला. पिट्सबर्गच्या बिल मॅझरॉस्कीने दुसऱ्याच चेंडूवर होमरन मारला. चेंडू लेफ्ट फिल्डच्या भिंतीपलीकडे, म्हणजे मॅकडूगल्डच्या मागच्या बाजूलाच, गेला. सिरीज संपली. तो त्याचा शेवटचा सामना. लीगमध्ये नवे संघ येत होते, त्यांच्याकडे जाण्याऐवजी 32 व्या वर्षी त्याने निवृत्ती घेतली.

पुढे त्याने इमारतींच्या देखभालीचा व्यवसाय केला. 1970 पासून फोर्डहॅम विद्यापीठाच्या मुलांना बेसबॉल शिकवलं, पण 1976 नंतर ते थांबवावं लागलं. मुलं काय म्हणतात तेच ऐकू येईना. पुढे तर काहीच ऐकू येईनासं झालं.

1994 साली न्यूयॉर्क टाइम्समध्ये त्याच्या बहिरेपणाबद्दल लेख आला. तो वाचून डॉक्टरांनी संपर्क साधला. त्याच वर्षी न्यूयॉर्क विद्यापीठाच्या रुग्णालयात त्याच्या कानात कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे ऐकण्यासाठी शस्त्रक्रियेने बसवायचं यंत्र, बसवलं.

(दृश्य: खिडकीतला हिवाळी उजेड. दूरवरून चेंडू ग्लोव्हमध्ये बसल्याचा आवाज.)

जानेवारी 1995 मध्ये ते यंत्र सुरू केलं, आणि 66 वर्षांच्या मॅकडूगल्डला माणसांचं बोलणं पुन्हा ऐकू आलं. त्यानंतर तो ऐकू न येणाऱ्या लोकांना भेटून या उपचाराविषयी सांगू लागला. 2010 साली तो गेला. शेवटची पंधरा वर्षं नातवंडांचं बोलणं ऐकत.