डॉकेटमधला रस्ता

(दृश्य: नाशिक, शरणपूर रोड, महापालिकेचं मुख्यालय राजीव गांधी भवन. सकाळ. दुचाकींची रांग.)

महासभेच्या दिवशी इथं गाडी लावायला जागा मिळाली, तर समजायचं आपण फार लवकर आलो. वर सभागृहात विषयपत्रिका, म्हणजेच डॉकेट, वाटून झालेली असते. तिच्यात ‘कॉर्पोरेट कॅम्पस’ हे शब्द शोधाल, तर बहुधा सापडणार नाहीत. सापडेल ते असं काहीतरी: अमुक शिवारातल्या तमुक गटातून जाणाऱ्या रस्त्याची रुंदी वाढवणे. किंवा, कलम 37 अन्वये जमिनीच्या आरक्षणात फेरबदल करणे. नगरसचिव विषय वाचतात, पीठासनावरून ‘मंजूर’ असं ऐकू येतं आणि पान उलटतं.

आपल्याला याच पानाबद्दल बोलायचं आहे: मोठ्या कंपनीचा कॅम्पस शहरात येतो, तेव्हा महासभेच्या हातात काय असतं.

(दृश्य: अंबड औद्योगिक वसाहत, बंद फाटकं, वाढलेलं गवत.)

नाशिकला आयटीचं स्वप्न आजचं नाही. अंबडला एमआयडीसीनं आयटीसाठी इमारत बांधली, ती वर्षानुवर्षं ओस पडली. मग आडगाव शिवारात आयटी हब करायची चर्चा महापालिकेत रंगली. इथली इंजिनीअरिंगची पोरं मात्र पदवी हातात पडली की अजूनही पुण्याची गाडी धरतात. त्यामुळे कुणी ‘हजारो नोकऱ्या’ म्हणालं, की सभागृहात प्रश्न विचारणाराच शहराचा वैरी ठरतो. घराघरातून मुलं बाहेरगावी गेलेल्या गावाला हे समजतं. पण प्रश्न विचारायचे राहून जातात.

आपण हिशेबापुरतं एक उदाहरण घेऊ. पाथर्डी शिवार, मळ्यांना लागून जमीन, 3,000 माणसं काम करतील असा कॅम्पस. कंपनीचं नाव नाही, कारण अशी कंपनी आपण फक्त कागदावर उभी करतो आहोत.

या कॅम्पसच्या इमारतीचा नकाशा महासभेपुढे येतच नाही. तो जातो नगररचना विभागात, महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम 1966 च्या कलम 44 खाली. तपासला जातो 2020 च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीवर. नियमात बसला, शुल्क भरलं, तर परवानगी अडवायला कारण उरत नाही. नगरसेवकाला काचेची इमारत आवडली की नाही, हे तिथं कुणी विचारत नाही. बांधकाम 20,000 चौरस मीटर किंवा त्याहून जास्त असेल, तर पर्यावरण मंजुरी लागते, ती राज्य पातळीवर. पाच वर्षांहून जुनी 200 किंवा जास्त झाडं आड येत असतील, तर तोही विषय महापालिकेच्या हातून राज्याच्या वृक्ष प्राधिकरणाकडे जातो.

मग सभागृहाच्या हातात राहतं काय? रस्ता, पाणी आणि आरक्षण.

(दृश्य: गंगापूर धरण. नंतर एका सोसायटीतला पाण्याचा टँकर.)

आधी पाणी, कारण सगळ्यांना भीती त्याचीच. राष्ट्रीय इमारत संहिता कार्यालयातल्या माणसामागे दिवसाला 45 लिटर धरते. 3,000 माणसांचे झाले 1,35,000 लिटर. घरात माणशी 135 लिटर धरतात. म्हणजे हा सगळा कॅम्पस पाणी पिणार हजार माणसांच्या वस्तीएवढं. एसी आणि बागेचं वेगळं, पण तरी आकडा फार मोठा नाही. कंपनीचा माणूस सभागृहात हाच आकडा दाखवेल आणि तो खोटंही बोलत नसेल.

पण ती 3,000 माणसं रात्री कुठं जाणार? घरी. प्रत्येकाचं चौघांचं कुटुंब धरा आणि सगळे आसपासच राहायला आले असं समजा. 12,000 माणसं, गुणिले 135. 16,20,000 लिटर. कॅम्पसच्या बरोब्बर बारा पट. हे पाणी कॅम्पसच्या फाइलवर कुठंच लिहिलेलं नसतं. ते येतं दहा वेगवेगळ्या बिल्डरांच्या दहा वेगवेगळ्या फाइलींवर, पुढच्या काही वर्षांत, सुटं सुटं. गंगापूर आणि मुकणेतून येणारी जलवाहिनी काही फाइली मोजत नाही.

(दृश्य: पाथर्डी फाटा, संध्याकाळ, हॉर्नचा आवाज.)

रस्त्याचं तर उलटंच आहे. कॅम्पसचा रस्ता रुंद होतो, चकाचक होतो आणि जिथं संपतो तिथं जुना फाटा तसाच उभा असतो. सगळ्यांची सुटायची वेळ एकच. आणि त्या रुंदीकरणात जाणारी जमीन मळ्याची. मोबदल्यात रोख क्वचित, बहुतेकदा टीडीआर, म्हणजे दुसरीकडे जास्त बांधकाम करायचा, विकता येणारा हक्क. टीडीआर विकायचा कसा आणि कुणाला, हे बिल्डरला पाठ असतं. कांदा-टोमॅटो विकणाऱ्याला ते शिकावं लागतं, तेही जमीन गेल्यावर. मखमलाबाद-हनुमानवाडीच्या हरित क्षेत्र योजनेला, म्हणजे स्मार्ट सिटीखाली मळ्यांवर नवी वसाहत आखायला, शेतकऱ्यांनी विरोध केला, तेव्हा त्यांना विकासविरोधी म्हणणारे पुष्कळ होते. त्यांच्या बांधावर जाऊन हिशेब ऐकणारे थोडे.

राहिलं आरक्षण, म्हणजे विकास आराखड्यात मैदान, शाळा अशा कामासाठी राखलेली जमीन. नगररचना अधिनियमाच्या कलम 37 खाली त्यात फेरबदल करायचा, तर महासभेच्या ठरावानंतर राजपत्रात आणि वर्तमानपत्रात सूचना द्यावी लागते, महिनाभरात हरकती घ्याव्या लागतात, हरकतदाराला सुनावणी द्यावी लागते. मग प्रस्ताव राज्य शासनाकडे. सूचना बारीक अक्षरात, आतल्या पानावर, लग्नाच्या हॉलच्या जाहिरातीखाली. आम्ही ती वाचायला भिंग घेतलं, हे विनोदानं सांगत नाही.

तरी अशा सूचनेचा उपयोग होतो. 2025 च्या अखेरीस कुंभमेळ्याच्या साधुग्रामसाठी तपोवनातली झाडं तोडायची सूचना निघाली, तेव्हा नाशिककरांनी हरकतींचा ढीग घातला आणि सुनावणीला स्वतः गेले. पुढचं आंदोलन सगळ्यांनी पाहिलं. त्याची सुरुवात त्या अर्जांच्या ढिगात होती.

आणि सभागृहच नसेल तर? मार्च 2022 मध्ये नगरसेवकांची मुदत संपली. 2026 च्या जानेवारीत निवडणूक होईपर्यंत आयुक्तच प्रशासक होते. महासभा, स्थायी समिती, सगळे ठराव एका सहीचे. आता 122 नगरसेवक आहेत. त्यांनी ठराव केला, तरी महापालिका अधिनियमाचं कलम 451 वापरून शासन तो विखंडित, म्हणजे रद्द, करू शकतं. तेव्हा सभागृहाकडून फार मोठी आशाही ठेवायला नको. पण कुणीतरी उभं राहून ‘हा रस्ता कुणासाठी?’ असं इतिवृत्तात नोंदवून घेतलं, तर पुढं कोर्टात ते पान कामाला येतं.

(दृश्य: मोकळा भूखंड. टेनिस बॉल क्रिकेट. स्टंप म्हणून विटा.)

शहराचा सध्याचा विकास आराखडा मंजूर झाला 2017 च्या जानेवारीत. नगररचना अधिनियमाचं कलम 127 सांगतं: दहा वर्षांत आरक्षित जमीन ताब्यात घेतली नाही, तर मालक खरेदीची नोटीस देऊ शकतो. त्यानंतर 24 महिन्यांत महापालिका हलली नाही, तर आरक्षण व्यपगत, म्हणजे आपोआप रद्द. दहा वर्षं भरतात 2027 मध्ये.

असे भूखंड शहरात ठिकठिकाणी आहेत. आराखड्यात मैदान म्हणून रंगवलेले, सातबाऱ्यावर खासगी मालकाचे. पाटी कुठंच नाही. इथं खेळणाऱ्या पोरांना आम्ही विचारलं, हे मैदान कुणाचं. एकानं बॉल उचलला आणि म्हणाला, “आमचंच की.”

(बॉल कुंपणापलीकडे जातो. एक पोरगा कुंपण ओलांडतो.)