पैसे पाकिस्तानचे, विमानं वाळवंटात: एफ-१६ च्या अटींची गोष्ट

हे समोर दिसतंय ते अमेरिकेतलं ॲरिझोनाचं वाळवंट. टुसॉन शहराला लागून डेव्हिस-मॉन्थन नावाचा हवाई तळ आहे, इथली हवा इतकी कोरडी की धातूला गंज लवकर चढत नाही आणि जमीन इतकी टणक की खाली काँक्रीट न टाकताही विमान उभं राहतं, म्हणून अमेरिका आपली सध्या न लागणारी विमानं इथे आणून ठेवते. रांगाच रांगा बघा. पण १९९० नंतर या रांगांमध्ये काही विमानं अशीही आली जी जुनी नव्हती, कारखान्यातून नवी कोरी निघालेली २८ एफ-१६ लढाऊ विमानं, आणि त्यांची ऑर्डर होती पाकिस्तानची.

थोडं मागे जाऊ. अफगाणिस्तानात सोव्हिएत फौजा घुसल्या होत्या आणि अमेरिकेला पाकिस्तानची गरज होती. १९८१ मध्ये ४० एफ-१६ चा सौदा झाला, पहिली विमानं जानेवारी १९८३ मध्ये पाकिस्तानातल्या सरगोध्याच्या हवाई तळावर उतरली. मग १९८५ मध्ये सिनेटर लॅरी प्रेसलर यांच्या नावाने अमेरिकेच्या कायद्यात एक दुरुस्ती आली. अट अशी की पाकिस्तानकडे अणुबॉम्ब नाही असं अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी दरवर्षी लिहून द्यायचं, तरच मदत आणि शस्त्रं. दरवर्षी लिहून दिलं गेलं. काहुट्यात, म्हणजे पाकिस्तानच्या अणुकेंद्रात, काय चाललंय याची कुणकुण वॉशिंग्टनला नव्हती असं अजिबात नाही, तरी लिहून दिलं गेलं, आणि त्याच भरवशावर पाकिस्तानने १९८८-८९ मध्ये आणखी ७१ विमानं मागवली.

१९८९ मध्ये सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानातून परत गेल्या. ऑक्टोबर १९९० मध्ये जॉर्ज बुश थोरले यांनी ते प्रमाणपत्र दिलं नाही. कायदा तोच, त्यातली अट तीच, फक्त आता पाकिस्तानची गरज उरली नव्हती. तयार झालेली विमानं थेट इथे, वाळवंटात. पाकिस्तान त्यानंतरही हप्ते भरत राहिला, एकूण जवळपास ६५ कोटी ८० लाख डॉलर, आणि विमानं उभी ठेवायचा खर्चसुद्धा त्यांच्याकडूनच मागितला गेला. मधे न्यूझीलंडला हीच विमानं भाड्याने द्यायचं ठरलं होतं, तिथे सरकार बदललं आणि २००० मध्ये ते रद्द झालं. पैशांचा तोडगा निघाला डिसेंबर १९९८ मध्ये, ३२ कोटी डॉलरच्या वर रोख आणि उरलेल्या हिशोबात गव्हासारखा माल.

आता हे फुटेज नेवाडातल्या फॅलनचं, अमेरिकन नौदलाच्या हवाई तळाचं. वाळवंटी रंगाचं हे एफ-१६ त्याच २८ मधलं आहे. यातली काही विमानं अमेरिकन नौदलाने घेतली आणि आपल्या वैमानिकांच्या सरावासाठी शत्रूचं विमान म्हणून उडवली.

२००१ नंतर अमेरिकेला पाकिस्तान पुन्हा हवा झाला. २००६ मध्ये १८ नव्या एफ-१६ ब्लॉक ५२ चा सौदा झाला आणि या वेळी अटी कितीतरी जास्त कडक. कुठल्या तळावर ठेवायची ते अमेरिकेच्या संमतीने, तळाच्या सुरक्षेचा आराखडा आधी मंजूर करून घ्यायचा, देशाबाहेर न्यायची किंवा दुसऱ्या देशाबरोबर सरावात उतरवायची तर आधी परवानगी, आणि विमानांवर लक्ष ठेवायला अमेरिकेची माणसं तिथेच. म्हणजे घर विकत घेतलं पण कुठल्या खोलीत कोण झोपणार ते बिल्डर सांगणार.

हा तुकडा तुम्ही टीव्हीवर पाहिला असेल. २८ फेब्रुवारी २०१९, बालाकोटनंतर पाकिस्तानी विमानांशी झालेल्या चकमकीच्या दुसऱ्या दिवशी, दिल्लीत साउथ ब्लॉकच्या हिरवळीवर तिन्ही दलांचे अधिकारी उभे आहेत आणि टेबलवर ॲमराम या विमानातून विमानावर डागायच्या अमेरिकन क्षेपणास्त्राचा तुकडा, राजौरीकडे सापडलेला. पाकिस्तान म्हणत होता एफ-१६ वापरलंच नाही, आणि त्यांच्याकडे ॲमराम डागू शकणारं विमान एकच, एफ-१६. अमेरिकेने चौकशी करतो म्हटलं, नाराजीचं पत्र गेल्याची बातमी आली, आणि २०२२ मध्ये याच विमानांच्या देखभालीसाठी ४५ कोटी डॉलरचं पॅकेज मंजूर झालं.

पण पाकिस्तानची गोष्ट आहे म्हणून आपण निवांत बसायचं कारण नाही. मे १९९८ मध्ये पोखरण झालं तेव्हा आपले इंजिनिअर अमेरिकेत लॉकहीड मार्टिन या विमान कंपनीत आपल्या तेजस लढाऊ विमानाच्या फ्लाय-बाय-वायरवर, म्हणजे संगणकाच्या मदतीने विमान चालवणाऱ्या यंत्रणेवर, काम करत होते, निर्बंध लागले आणि त्यांना परत यावं लागलं, सामान तिकडेच अडकलं. त्या लोकांनी उरलेलं काम बंगळूरमध्ये पूर्ण केलं आणि ४ जानेवारी २००१ ला विंग कमांडर राजीव कोठियाल यांनी तेजस उडवलं. हे दृश्य कितीही वेळा पाहिलं तरी ऊर भरून येतो.

आणि हे आपलं नाशिकजवळचं ओझर. इथे मिग बनली, सुखोई-३० एमकेआय बनली, आणि १७ ऑक्टोबर २०२५ ला इथल्या लाइनवर तयार झालेलं पहिलं तेजस मार्क-१ए आकाशात गेलं. आवाज ऐका. हा आवाज अमेरिकेच्या जीई कंपनीच्या एफ-४०४ इंजिनाचा आहे. अशा ९९ इंजिनांची ऑर्डर २०२१ मध्ये दिली, पहिलं हाती आलं मार्च २०२५ मध्ये. यात कुठलं राजकारण नव्हतं, कंपनीची बंद पडलेली लाइन पुन्हा सुरू करायला वेळ लागला, पण वाट बघावी लागली ती आपल्या हवाई दलालाच, ज्याच्याकडे मंजूर ४२ स्क्वॉड्रनऐवजी (म्हणजे लढाऊ विमानांच्या तुकड्यांऐवजी) मिग-२१ गेल्यावर २९ उरल्या.

आपलं स्वतःचं कावेरी इंजिन १९८९ पासून बंगळूरच्या जीटीआरई या सरकारी इंजिन प्रयोगशाळेत सुरू होतं, पुरेसा जोर मिळेना म्हणून २००८ मध्ये ते तेजसपासून वेगळं केलं गेलं. माझं स्पष्ट मत आहे, विमानांवर जेवढी चर्चा होते त्याच्या निम्मी तरी या एका प्रयोगशाळेच्या पैशांवर आणि माणसांवर व्हायला हवी होती. नोव्हेंबर २०२५ मध्ये तेजस बनवणाऱ्या एचएएल या सरकारी कंपनीने त्याच एफ-४०४ च्या आणखी ११३ इंजिनांचा करार केला आहे, ती २०२७ पासून यायला लागतील आणि २०३२ पर्यंत येत राहतील.