पेटीत शिरणारी वायर

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत इलेक्ट्रिक पॅनेल तयार होतात. पत्र्याच्या पेटीला भोक पाडून झाले, की कारागीर त्या भोकाच्या आतल्या कडेवरून गोल कानस फिरवतो, कारण पत्रा कापला जाताना मागच्या बाजूला धातूची बारीक धार उरते. ती डोळ्यांना चटकन दिसत नाही, बोटाला मात्र जाणवते.

घरातल्या दिव्या-पंख्यांना जाणाऱ्या दीड चौरस मिलिमीटरच्या वायरवरचे पीव्हीसीचे आवरण एक मिलिमीटरहूनही पातळ असते, आणि 230 व्होल्टचा दाब अडवण्याचे सारे काम त्याच्यावर असते. वायर उघड्या काठावरून ओढली, तर हे आवरण तिथेच सोलवटते. त्या वेळी वाचले, तरी मोटारीच्या थरथरीने पुढे झिजत जाते. आतले तांबे पत्र्याला टेकले, की पेटीत करंट उतरतो. अर्थिंग चांगले असेल, तर एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप बंद होणारा स्विच, पडते आणि दोष उघड होतो. अर्थिंग तुटलेले असेल, तर पेटीला हात लावणाऱ्या माणसाच्या अंगातून करंट जमिनीकडे वाट काढतो. जमिनीकडे गळणारा करंट ओळखून पुरवठा तोडणारी 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी अशा वेळी जीव वाचवू शकते, परंतु ती आहे म्हणून काठ तसाच सोडणे आम्हाला मुळीच मान्य नाही.

यावरचा उपाय अगदी स्वस्त आहे: भोकात रबरी ग्रोमेट (काठ झाकणारी कडी), पाइपच्या तोंडाला बुश (गुळगुळीत कडेचे टोपण) आणि जाड केबलसाठी ग्लँड (केबल घट्ट पकडणारा जोड). अडचण असते ती क्रमाची. बुश वायर ओढण्यापूर्वीच बसवावा लागतो. जोडण्या पूर्ण झाल्यावर तो घालायचा, तर सगळे पुन्हा सोडवावे लागते, आणि घाईच्या कामात नेमके तेच टळते. ग्रोमेट चिरून मागाहून बसवणारेही आहेत, पण चिरलेले ग्रोमेट कालांतराने निसटते.

निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत पंपाच्या स्टार्टरची पेटी उघड्यावर असते, तेव्हा पावसाचाही विचार करावा लागतो. केबल वरून आत घेतली, तर पाणी तिच्या अंगावरून ओघळत थेट पेटीत उतरते. म्हणून ती खालून घ्यावी आणि आत शिरण्यापूर्वी तिला खाली झोळ द्यावा. ग्लँडची पकड केबलच्या बाहेरच्या आवरणावर असावी, आतल्या सुट्या वायरींवर नव्हे, म्हणजे केबलला बसलेला हिसका जोडणीपर्यंत पोहोचत नाही.

जुनी पेटी तपासताना वायरमन आधी मेन स्विच बंद करतो, टेस्टरने खात्री करून घेतो, मोटारीची जोडणी सोडवतो आणि मग आवरणाचा रोध मोजणाऱ्या 500 व्होल्टच्या मेगरचे एक टोक वायरच्या तांब्याला व दुसरे पेटीच्या पत्र्याला लावतो. काटा शून्याकडे झुकला, तर तो सर्वांत आधी वायर जिथून आत शिरते तो काठ पाहतो.