पाचामुखी परमेश्वर, पण पहिलं तोंड कुणाचं?

नमस्कार, श्रोतेहो.

ठाण्यात नौपाड्याला आमची जुनी चार मजली सोसायटी आहे. सभा खाली पार्किंगमध्ये भरते, स्कूटर बाजूला सारून. काही वर्षांपूर्वी गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचा विषय निघाला. तीन कोटेशनं आली होती. आमच्यातले सगळ्यांत ज्येष्ठ सभासद, आम्ही त्यांना अप्पा म्हणतो, सगळ्यांत आधी बोलले आणि त्यांनी एका ठेकेदाराचं नाव घेतलं. शेजारच्या खुर्चीतून "अप्पा म्हणतात तेच बरोबर" असं आलं. मग तिसरा, मग चौथा. दहा मिनिटांत ठराव एकमताने मंजूर झाला आणि चहा आला.

त्याच जुलैत वरच्या मजल्यावरच्या घरांमध्ये छतातून पाणी ठिबकायला लागलं. मग जिन्यात, दुधाच्या रांगेत, गोखले रोडवर भाजी घेताना, जो भेटेल तो हळू आवाजात सांगायचा, "मला तेव्हाच शंका आली होती हो." मलाही आली होती. मी आयुष्यभर कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलं, आणि त्या दिवशी माझाही हात वर होता. ही गोष्ट मला आजही लागून राहिली आहे, म्हणून आज गटाचं मत कसं बनतं याच्या गणिताबद्दल बोलायचं ठरवलं.

आपण म्हणतो, पाचामुखी परमेश्वर. या म्हणीला गणिताचा पाठिंबा आहे, आणि तोही जुना. कोंडोर्से नावाच्या फ्रेंच गणितज्ञाने 1785 मध्ये हिशेब मांडला. समजा प्रत्येक माणूस एखाद्या हो-नाहीच्या प्रश्नावर शंभरातून 60 वेळा बरोबर असतो. म्हणजे फार हुशार नाही, पण अगदी आंधळाही नाही. अशा पाच जणांचं बहुमत घेतलं, तर ते शंभरातून 68 वेळा बरोबर येतं. 101 जणांचं घेतलं, तर सुमारे 98 वेळा! साध्यासुध्या माणसांच्या गर्दीतून जवळजवळ खात्री तयार होते. मला हे गणित फळ्यावर लिहिताना दर वर्षी नव्याने आनंद व्हायचा.

पण त्यात एक अट आहे. प्रत्येकाने आपापल्या डोक्याने मत बनवलेलं असलं पाहिजे. पहिला बोलला आणि बाकीच्यांनी त्याची री ओढली, तर मुखं पाच दिसतात, मत एकच असतं. मग ते शंभरातून 60 वेळाच बरोबर.

ही री शहाणी माणसंही का ओढतात, याचा हिशेब 1992 मध्ये अभिजित बॅनर्जी यांनी मांडला. जन्म मुंबईचा, पुढे 2019 मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, तेच. त्यांचं उदाहरण मी आपल्या राम मारुती रोडवर आणते. शेजारी शेजारी दोन नवी हॉटेलं आहेत. सर्वसाधारण समज असा की पहिलं किंचित बरं असावं. शंभर माणसांना मात्र आपापल्या ओळखीतून स्वतंत्र बातमी मिळाली आहे. त्यातल्या 99 जणांना कळलंय की दुसरं चांगलं. फक्त एकाला कळलंय की पहिलं चांगलं. आणि नेमका तो एकजण सगळ्यांत आधी येऊन पहिल्या हॉटेलात बसतो.

आता दुसरा येतो. त्याची बातमी दुसऱ्या हॉटेलाच्या बाजूची. पण आत बसलेल्याला काहीतरी माहीत असणारच. दोन्ही बातम्या एकमेकींना खोडतात आणि उरतो तो सर्वसाधारण समज, म्हणून तोही पहिल्यातच शिरतो. इथे जरा थांबा, कारण खरी गोम इथेच आहे. या दुसऱ्याची बातमी काहीही असती तरी तो पहिल्यातच गेला असता. म्हणजे त्याच्या जाण्यातून तिसऱ्याला नवं काहीच कळत नाही. तिसरा दुसऱ्याइतक्याच अडचणीत, चौथाही तसाच. शेवटी शंभरच्या शंभर पहिल्या हॉटेलात, आणि 99 जणांची बरोबर बातमी त्यांच्या खिशातच राहिली. यात कुणी मूर्खपणा केला नाही, कुणी खोटं बोललं नाही. प्रत्येकाने हाती होतं त्यावरून योग्यच विचार केला. आमची सभाही अशीच झाली होती.

तुम्ही म्हणाल, एकदाच मत देऊन उठायचं असेल तर असं होणार. माणसं पुन्हापुन्हा भेटली, चर्चा केली, की सावरेल. त्याचंही गणित आहे. मॉरिस डीग्रूट या संख्याशास्त्रज्ञाने 1974 मध्ये ते मांडलं. कागद-पेन्सिल जवळ असेल तर घ्या. एका कामाचा दर घरामागे खर्च काकांच्या मते 20 हजार, मावशींच्या मते 80 हजार. काका स्वतःच्या मताला बारा आणे वजन देतात, मावशींच्या मताला चार आणे. मावशी दोघांच्या मतांना आठ-आठ आणे देतात. पहिल्या बोलण्यानंतर काका 35 हजारांवर येतात, मावशी 50 वर. दुसऱ्या दिवशी काका पावणेएकोणचाळीस हजारांवर, मावशी साडेबेचाळीसवर. असं करत दोघं 40 हजारांवर स्थिरावतात. 20 आणि 80 चा मध्य 50 होता. मत काकांकडे झुकलं, कारण काका कमी हलले. आणि कामाला खरोखर किती खर्च येणार, तो आकडा या सगळ्या आकडेमोडीत कुठेच आला नाही! दोघं एकमेकांचं ऐकत राहिली की एकमत होणारच. ते खरं आहे की नाही, याचा एकमताशी काही संबंध नाही.

आता मला सगळ्यांत अस्वस्थ करणारं गणित. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी ते 1978 मध्ये दंगलीचं उदाहरण घेऊन सांगितलं. मी ओल्या-सुक्या कचऱ्याचं घेते. एका संकुलात शंभर घरं. पहिलं घर कुणी करो न करो, कचरा वेगळा करणारच. दुसरं म्हणतं, एकाने केलं तर मी करीन. तिसरं, दोघांनी केलं तर. असं शंभराव्यापर्यंत, ज्याला 99 जण आधी करताना दिसायला हवेत. पहिल्याने सुरुवात केली की शंभरही घरं सामील होतात. आता शेजारचं संकुल घ्या, सगळं हुबेहूब तेच. फक्त दुसऱ्या घराला एक नाही, दोन शेजारी लागतात. पहिल्याने केलं. दुसरं दोनाची वाट बघतंय, तिसरंही दोनाचीच. संपलं, तिथेच थांबलं. एकीकडे शंभर घरं, दुसरीकडे एक. रस्त्यावरून जाणारा म्हणेल, या संकुलातली माणसं सुसंस्कृत आणि त्यातली बेशिस्त. माणसं तीच आहेत हो. फरक एका घराचा, एका शेजाऱ्याचा. आपण किती सहज अख्ख्या वस्तीच्या, अख्ख्या जातीच्या स्वभावाबद्दल बोलून मोकळे होतो, हे मला या उदाहरणाने शिकवलं.

हिशेब असे साधे असले तरी खरी माणसं गुंतागुंतीची असतात. कोण कुणाच्या मताला किती आणे वजन देतो, हे मोजणं महाकठीण. म्हणून पुढच्या निवडणुकीत काय होईल, असं या गणिताला विचारू नका. मत कुठून कुठे गेलं आणि कुठे अडलं, एवढं ते दाखवतं, आणि तेवढंही मला पुष्कळ वाटतं.

आमच्याकडे आता रिडेव्हलपमेंटचा विषय आहे. व्हॉट्सॲपचे दोन ग्रुप झालेत, एक हो म्हणणाऱ्यांचा, एक नको म्हणणाऱ्यांचा. यावरही हेग्सेलमान आणि क्राउझे या दोघांचं 2002 चं गणित आहे. माणसं फक्त आपल्या जवळच्या मतांचीच सरासरी घेऊ लागली की गट तुटतात, आणि एकदा मधलं अंतर वाढलं की आपोआप जुळत नाहीत.

येत्या रविवारी सभा आहे. मी सेक्रेटरींना एक विनंती केली, त्यांनी ती मानली. चर्चा सुरू होण्याआधी प्रत्येकाने चिठ्ठीवर आपलं मत आणि एक शंका लिहायची, नाव न घालता. सगळ्या चिठ्ठ्या मोठ्याने वाचायच्या, मगच बोलायचं. कालच नातीला घेऊन बसले आणि जुन्या वह्यांच्या कोऱ्या पानांच्या चिठ्ठ्या कापून ठेवल्या.

अप्पांकडे मात्र मी स्वतः गेले. म्हटलं, "अप्पा, या वेळी तुम्ही सगळ्यांत शेवटी बोलाल का?" राग येईल अशी भीती होती. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "बाई, त्या गच्चीच्या वेळी मलाही खात्री नव्हती. कुणीच बोलेना, म्हणून एक नाव घेतलं. वाटलं, चुकलं असेल तर तुमच्यापैकी कुणीतरी सांगेलच."