सांब्र्याच्या काट्यावर डायव्हिंगची बॅग

नमस्कार मंडळी. 'परदेशातलं डायव्हिंग' असा लांबरुंद विषय मला दिला होता. त्यातला बॅग भरण्याचा भाग तेवढा घेतो. डायव्हिंग शिकवायला इन्स्ट्रक्टर आहेत, मासे दाखवायला यूट्यूब आहे. पण बेळगावात टिळकवाडीतल्या घरातून निघून मालदीवला नाहीतर बालीला पोचेपर्यंत सामानाचं काय करायचं, हे कोणी सांगत नाही.

आपल्याकडून जाणाऱ्याला एक अडचण जास्तीची आहे. इथून परदेशाला थेट विमान नाही. एक तर सांब्र्याच्या विमानतळावरून मोठं शहर गाठायचं, नाहीतर घाट उतरून गोव्यात मोपाच्या विमानतळाला जायचं. देशातल्या इकॉनॉमी तिकिटावर बहुतेक ठिकाणी चेक-इनला 15 किलो मिळतात. परदेशाच्या तिकिटावर 20, 25, 30, जसं असेल तसं. दोन्ही प्रवास एकाच बुकिंगमध्ये असले तर सहसा मोठी मर्यादा सगळीकडे चालते. सुटी तिकिटं काढली, की सांब्र्याच्या काट्यावर 15 म्हणजे 15. "पुढच्या विमानात 30 चालतंय की हो," हे तिथं कोणी ऐकत नाही, आणि त्यांनी का ऐकावं? तिकिटात वाचवलेले पैसे जादा वजनापायी काउंटरवर मोजणारे मी पुष्कळ बघितलेत. सामान जड असेल तर राणी चन्नम्मा एक्सप्रेस धरावी आणि सकाळी बेंगळूरला उतरावं, असं माझं सरळ मत आहे.

आता किलोंचा हिशेब. बीसीडी, म्हणजे हवा भरायचं ते जाकीट, तीन-चार किलो. रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरची हवा तोंडापर्यंत आणणारं यंत्र, होज म्हणजे नळ्या आणि दाब दाखवणारं गेज यांच्यासकट अडीच-तीन. फिन्सची, म्हणजे पायातल्या वल्ह्यांची, जोडी दोनच्या आसपास, तीन मिलिमीटर जाडीचा वेटसूट, म्हणजे अंगाला घट्ट बसणारा रबरी पोशाख, तेवढाच, बूट, मास्क, दिवा, चाकू, सिग्नलचा फुगा मिळून आणखी दोन. झाले साडेअकरा ते तेरा. त्यात चाकांची मोठी बॅग रिकामीच चार किलोंची. पंधरा संपले, आणि अजून कपडे राहिलेतच. म्हणून दुकानात बॅग घेताना आधी ती रिकामी उचलून बघा, रंग मागाहून.

सिलिंडर आणि शिशाची वजनं न्यायचीच नाहीत. अॅल्युमिनियमचा नेहमीचा 11 लिटरचा सिलिंडर एकटाच चौदा किलोंच्या घरात जातो. विमानात न्यायचाच म्हटलं तर वॉल्व्ह काढून आत रिकामा आहे हे दाखवावं लागतं. जिथं डायव्हिंग चालतं तिथं सिलिंडर आणि शिसं मिळतंच. शिशातून एक्स-रे पलीकडे जात नाही, त्यामुळं मशीनवर काळा ठोकळा दिसतो आणि बॅग उघडायला लावतात.

उरलेल्या सामानासाठी मी एकच प्रश्न विचारतो. चेक-इनची बॅग पोचली नाही, तर उद्या सकाळी मी पाण्यात उतरू शकतो का? उत्तर 'हो' यायला पाहिजे. मास्क, रेग्युलेटर आणि मनगटावरचा, खोली आणि वेळ मोजणारा डाइव्ह कॉम्प्युटर, ही तीन हातातल्या बॅगेत. बाकी सगळं भाड्यानं भागतं. भाड्याचं बीसीडी थोडं ढगळ असलं तरी पट्टे ओढून चालवता येतं. भाड्याचा मास्क मात्र दुसऱ्याच्या चेहऱ्याला बसलेला असतो. मिशीवाल्यांना तर तो गळतोच. आणि ज्यांनी चष्म्याच्या नंबरच्या काचा बसवून घेतल्यात त्यांना तसाच मास्क तिथं मिळेल, ही आशा सोडा. सोबत सर्टिफिकेशन कार्ड, रोजची औषधं, पोहायचे कपडे. हे सगळं हातातल्या बॅगेच्या सात किलोंत आरामात बसतं.

रेग्युलेटर हातात नेला की सिक्युरिटीवर थांबवणार, हे धरूनच चाला. स्क्रीनवर काय दिसतं बघा: पितळेचा घट्ट गोळा, त्यातून निघालेल्या चार नळ्या, टोकाला घड्याळासारखं गेज. मी असतो तर मीसुद्धा थांबवलं असतं. म्हणून तो तळाशी कोंबू नका, सगळ्यात वर कापडी पिशवीत ठेवा. "हे काय?" विचारलं की तोंडाला लावून दाखवा आणि "पाण्याखाली श्वास घ्यायचं, साहेब," म्हणा. बहुतेकदा तिथंच मिटतं. होज सैल गोल वळवायचे, कडक घडी घालायची नाही. टोकाजवळ मोडलेला होज आधी आतून चिरतो, बाहेरून काही दिसत नाही. सिलिंडरला जोडायच्या तोंडावरचं झाकण, म्हणजे डस्ट कॅप, कोरडी करून घट्ट लावा, कारण पाणी त्याच तोंडातून आत जातं.

समोर उद्यमबागेतल्या कारखान्यांतली बरीच मंडळी बसलीत. त्यांना ओ-रिंग काय चीज आहे हे मी सांगायला नको. सिलिंडरमध्ये 200 बार. रेग्युलेटरचा पहिला टप्पा तो दाब भोवतालच्या पाण्यापेक्षा दहाएक बार जास्त, इतक्यावर आणतो. मधे उभी असते ती रबराची एक कडी. तिच्यावर एक केस बसला तरी हवा फुसफुसते आणि त्या दिवसाची डुबकी गेली. म्हणून छोट्या डबीत ओ-रिंगा, एक जादा माउथपीस, झिप टाय, मास्कचा आणि फिनचा एकेक पट्टा ठेवा. पाने आणि चाकू चेक-इनमध्ये. मात्र कारखान्यातलं ग्रीस रेग्युलेटरला लावू नका, मित्रानं कितीही प्रेमानं दिलं तरी. पेट्रोलियमचं ग्रीस रबर फुगवतं, आणि नायट्रॉक्स म्हणजे जादा ऑक्सिजनची हवा वापरणार असाल तर ते पेट घेऊ शकतं.

तिथला सिलिंडर कुठल्या जोडणीचा आहे, हे निघायच्या आधी मेल करून विचारा. आशियात बहुतेक ठिकाणी वरून कवटाळणारा योक, युरोपात आट्यांनी बसणारा डिन जास्त. डिनचा रेग्युलेटर असेल तर योकचा अॅडॅप्टर जवळ ठेवा, मुठीत मावतो.

बॅटऱ्यांचा नियम पाठच करून टाका. सुट्या लिथियम बॅटऱ्या आणि पॉवर बँक फक्त हातातल्या बॅगेत, चेक-इनमध्ये कधीच नाही. 100 वॉट-अवरपर्यंत सहसा प्रश्न येत नाही. 100 ते 160 च्या मधल्या असल्या तर विमान कंपनीची परवानगी, आणि सुट्या दोनच. 160 च्या वर प्रवाशाला नेताच येत नाहीत. वॉट-अवर लिहिलेले नसतील तर व्होल्टला अँपिअर-अवरनं गुणा. दिव्यातली नेहमीची गोल बॅटरी बारा-तेरा भरते. पाण्याखालचा मोठा दिवा बॅगेत चुकून चालू झाला तर आग लावण्याइतका तापतो, म्हणून दिवा आणि बॅटरी वेगळी करूनच न्यायची. बॅटरीच्या टोकांना चिकटपट्टी लावा.

परदेशातून येणाऱ्या दोस्तांनाही एक सांगून ठेवा. उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र परवान्याशिवाय भारतात आणता येत नाही. बाहेर ते दुकानात मिळतं, इथं विमानतळावर पोलीस येतात. आणि विषय निघालाच आहे म्हणून, परदेशातल्या लेकीसाठी कुंदा खुशाल न्या, पण सुकं खोबरं चेक-इनमध्ये घालू नका. ते तेलकट, पेट घेणारं म्हणून बंद आहे.

मोठी बॅग भरताना फिन्स दोन्ही कडांना उभ्या सपाट लावा, त्यांच्यामध्ये वळकटीसारखा गुंडाळलेला वेटसूट, मधोमध बीसीडी. फिन्स वाकतील असं त्यांच्यावर काही दाबू नका, एकदा बाक आला की तो जात नाही. मालदीवला सीप्लेननं जाणार असाल तर तिथं परत काटा आहे, चेक-इनचे 20 आणि हातातले 5. किमती कॅमेरा असेल तर जाताना कस्टम्सकडून निर्यात प्रमाणपत्र करून घ्या, म्हणजे परत येताना 'हे तिथं विकत घेतलं का' हा वाद उरत नाही.

आता मला ज्याच्यावर जास्त बोलायचं होतं ते. बॅगेबरोबर एक कोरडा दिवसही बांधून न्यायचा. डुबकीनंतर अंगात विरघळलेला नायट्रोजन हळूहळू बाहेर पडतो. त्याआधीच बाहेरचा दाब कमी झाला तर त्याचे बुडबुडे होतात. विमानाच्या केबिनमधला दाब 1800 ते 2400 मीटर उंचीवरचा असतो. डायव्हरांच्या सुरक्षेसाठी काम करणाऱ्या डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या संस्थेच्या सल्ल्यानुसार एकच साधी डुबकी मारली असेल तर निदान 12 तास, रोज किंवा अनेक डुबक्या मारल्या असतील तर निदान 18 तास उडायचं नाही. डीकॉम्प्रेशनच्या, म्हणजे वर येताना मधे थांबावंच लागतं अशा, डुबक्यांना त्याहून बरंच जास्त. मी सरसकट 24 धरतो. तेवढ्यात सामानही वाळतं. ओला वेटसूट काट्यावर किती भरतो ते एकदा घरी करून बघा.

पण आपल्यासाठी यात एक गोम आहे. हा सल्ला 2,000 फुटांपासून पुढच्या उंचीला लागू होतो. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण 750 मीटरवर, म्हणजे जवळजवळ 2,500 फूट. इथला हवेचा दाबच समुद्रकाठापेक्षा 8-9 टक्क्यांनी कमी. म्हणजे मालवणला किंवा मुरुडेश्वरजवळच्या नेत्राणी बेटाला दिवसभर डुबक्या मारून संध्याकाळी गाडीनं घरी येणारा माणूस विमानात न बसताही 'उडालेला' असतो. आंबोली चढा, चोर्ला चढा, फरक नाही. "विमान कुठं धरायचंय, गाडीनंच तर जायचंय," असं म्हणून निपाणी-खानापूरची पोरं त्याच रात्री निघतात. रात्र खालीच काढा. मोपाला विमानातून उतरलात आणि लगेच वर आलात तर वेगळी काळजी नको, कारण तोवर तुमचा कोरडा दिवस झालेला असतो.

घरी आल्यावरचं थोडक्यात. आपल्याकडं समुद्र बंद असतो तेव्हा, जून ते सप्टेंबर, इंडोनेशियात हंगाम असतो, म्हणून तिकडं जाणारे ऐन पावसात परततात. त्या दिवसांत इथं टॉवेल वाळत नाही तिथं वेटसूट काय वाळणार? गोड्या पाण्यात बुडवून काढा, उलटा करून पंख्याखाली जाड हँगरवर टांगा. बीसीडीतलं पाणी काढून थोडी हवा भरून ठेवा, नाहीतर आतल्या बाजू चिकटतात आणि बुरशी धरते. रेग्युलेटरची सर्व्हिस करायची तर आत्ता, परत आल्यावर करा. पुष्कळ जण निघायच्या आठवड्यात करून आणतात आणि पहिल्यांदा तो पाण्यात जातो तो परदेशातल्या बोटीवर. सर्व्हिस झालेला रेग्युलेटर आधी मालवणला नेऊन एक डुबकी मारून बघा. काही बिघडलंच तर पाठवून दुरुस्त करून घ्यायला तुमच्याकडे वेळ असतो.