कोडं राहिलं तर फोन येतो

मंडळी, वृत्तपत्रांतल्या नोकऱ्या जातात तेव्हा लोकांना फारसं काही का वाटत नाही, हा आजचा विषय. त्याची तीन कारणं सांगेन असं मी संयोजकांना कबूल केलंय. पण आधी एक प्रसंग सांगू द्या, कारण माझा सगळा विचार तिथूनच सुरू झाला.

मी तेव्हा एका दैनिकात उपसंपादक होतो, रात्रपाळीला. एका आठवड्यात आमच्या चार सहकाऱ्यांना घरी बसवलं. त्यांतला एक जण बावीस वर्षं पालिकेचं बीट, म्हणजे पालिकेच्या बातम्यांचं काम, सांभाळत होता. सभा संपून सगळे उठले तरी हा विषयपत्रिकेची परिशिष्टं वाचत बसायचा. आयत्या वेळचे विषय, म्हणजे सभेत ऐनवेळी पुढे केलेले, कसे असतात हे इथल्या जाणत्यांना सांगायला नको. ठेक्याला मुदतवाढ द्यायची असली की ती नेमकी तिथून सरकवायची, आणि ती याला नेमकी सापडायची. टेबलावर त्याच्या जुन्या वह्या होत्या. कुठल्या साली कुणी काय आश्वासन दिलं, ते सगळं तारखेनिशी. वह्या तो घेऊन गेला.

त्याच आठवड्यात पान लावताना गडबड झाली आणि शब्दकोडं राहून गेलं. सकाळपासून फोन खणखणत होता. एक आजोबा अगदी कळवळून म्हणाले, ‘अहो, आज दिवस सुरूच झाला नाही माझा.’ त्या चौघांची चौकशी करणारा मात्र एकही फोन आला नाही.

तेव्हा मला वाचकांचा फार राग आला होता. आज येत नाही. कोड्याची जागा ठरलेली होती, म्हणून ती मोकळी दिसली. बातमीदाराची जागा मोकळी दिसत नाही. त्या चौकटीत दुसरं काहीतरी येतं, पान भरतं, अंक वेळेवर पडतो. जी बातमी लिहिलीच गेली नाही, तिच्याबद्दल कोण फोन करणार?

अमेरिकेतल्या बेल या छोट्या शहराचं पाहा. २०१० साली ‘लॉस एंजेलिस टाइम्स’च्या दोन बातमीदारांनी उघड केलं, की तिथला नगर व्यवस्थापक वर्षाला आठ लाख डॉलरच्या आसपास पगार घेतोय. ते दोघे खरं तर शेजारच्या मेवूड गावाची माहिती काढत होते. बेलच्या सभांना नेमाने जाणारा बातमीदार उरलेलाच नव्हता. पुढे त्या व्यवस्थापकाला तुरुंगवास झाला. पण त्याआधीची वर्षानुवर्षं लोक निमूटपणे कर भरत होते.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. तेव्हा कारणं भराभर सांगतो.

पहिलं, लोकांना हे माहीतच नसतं. लोकमताच्या पाहण्या करणाऱ्या ‘प्यू’ या अमेरिकी संस्थेच्या २०१९च्या पाहणीत ७१ टक्के अमेरिकनांना स्थानिक माध्यमांचं आर्थिकदृष्ट्या बरं चाललंय असं वाटत होतं. आदल्या वर्षभरात स्थानिक बातमीसाठी पैसे मोजलेले होते अवघे १४ टक्के. प्रत्यक्षात २००८ ते २०२० या काळात तिथल्या वृत्तपत्रांच्या संपादकीय विभागांतल्या नोकऱ्या सुमारे ७१ हजारांवरून ३१ हजारांवर आल्या होत्या.

दुसरं, बातमीचा खर्च वाचकाने कधी पुरता उचललाच नाही. तो जाहिरातींतून निघायचा, छोट्या जाहिरातींतूनही. त्या इंटरनेटवर गेल्या आणि बातमीदाराचा पगारही त्यांच्याबरोबर गेला.

तिसरं, विश्वास. ‘बरं झालं, विकलेच गेले होते’ असं म्हणणारे लोक आहेत, आणि त्यांना आम्ही कारणं दिलीत. बातमीच्या वेषातल्या जाहिराती आम्हीच छापल्या. पण कपातीत ते निर्णय घेणारे जात नाहीत हो, परिशिष्टं वाचणारा जातो.

एकच सांगून थांबतो. वृत्तपत्र बंद पडल्यावर तिथल्या स्थानिक संस्थांना कर्जरोख्यांवर जास्त व्याज मोजावं लागतं, असं अमेरिकेतल्या एका अभ्यासात दिसलं. वाढ टक्क्याच्या दहाव्या भागाच्या आसपास, पण कर्ज कोटींचं आणि वर्षानुवर्षांचं. ते व्याज पेपर कधीच न उघडणाराही भरतो. हा मुद्दा मला अर्धा तास मांडायचा होता, पण अध्यक्ष उभे राहिलेत. प्रश्न असतील तर विचारा, मी खाली थांबलोय.