आराखड्यात आरोग्याला जागा हवी: बेळगावचे पाणी, नाला आणि नळ

हा बळ्ळारी नाला. शहापूर आणि वडगावच्या शिवारातून हलग्याच्या दिशेने जाणाऱ्या या नाल्याचे पात्र जलपर्णीने भरले आहे. तिच्याखालून उपनगरांचे सांडपाणी वाहते, आणि मृगानंतर जोराचा पाऊस लागला की तेच पाणी बांध ओलांडून भातशेतीत शिरते. पिकाचे नुकसान होते, दुबार पेरणीची वेळ येते.

नाल्याकाठच्या वसाहतींचा आराखडा बुडा, म्हणजे बेळगाव नगरविकास प्राधिकरण, करते, गटारी आणि कचरा महापालिकेकडे आहेत, तर तापाच्या रुग्णांची नोंद आरोग्य खाते ठेवते. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीतल्या १८ विषयांत नगरनियोजन आणि सार्वजनिक आरोग्य ही दोन्ही कामे नगरसंस्थांसाठी एकाच यादीत मांडली. आपल्याकडे मात्र त्यांची टेबले अजून वेगवेगळ्या इमारतींत आहेत.

टिळकवाडीतली ही काँग्रेस विहीर पाहा. १९२४ साली गांधीजींच्या अध्यक्षतेखाली येथे भरलेल्या अधिवेशनाला येणाऱ्यांना पाणी मिळावे म्हणून ती खोदली गेली. चार दिवसांच्या तंबूंच्या नगरासाठीही पाण्याचा विचार आधी झाला, हे आज लेआउटला मंजुरी देणाऱ्यांनी मनावर घ्यावे असे आहे.

आता नळ. राकसकोप आणि हिडकल जलाशयांतून शहराला पाणी येते. पण ज्या भागांत ते काही दिवसांच्या अंतराने सुटते, तिथे मधल्या काळात जलवाहिनी रिकामी राहते, तिच्यातला दाब नाहीसा होतो आणि शेजारच्या गटारीचे पाणी फुटक्या सांध्यांतून आत ओढले जाते. पाणी पुन्हा सुटते तेव्हा ही घाण थेट घरातल्या घागरीत येते. शिवाय, पुढच्या पाळीपर्यंत पुरावे म्हणून लोक पिंपे आणि हौद भरून ठेवतात, आणि डेंग्यू पसरवणारा एडिस डास अशाच साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो; उष्ण दिवसांत आठवडा-दहा दिवसांत त्या अंड्यांतून उडणारा डास तयार होतो. आशा कार्यकर्त्या दारोदार जाऊन पिंपे उपडी करायला सांगतात, ते योग्यच आहे. परंतु ज्या घराला पुढचे पाणी कधी येईल याची खात्री नाही, त्या घराने भरलेले पिंप का उपडे करावे?

जागतिक बँकेच्या साहाय्याने हुबळी-धारवाड, कलबुर्गी आणि बेळगावात राबवलेल्या प्रकल्पात आपल्या शहरातल्या १० प्रभागांना चोवीस तास पाणी मिळाले. अखंड दाबामुळे बाहेरची घाण वाहिनीत शिरण्याची वाट बंद होते आणि साठवणीची गरजही कमी होते, म्हणून हे काम अभियांत्रिकीइतकेच आरोग्याचे आहे. तापाच्या रुग्णांची प्रभागवार यादी, नाल्याची पूररेषा आणि जलवाहिन्यांचा नकाशा एकाच टेबलावर मांडून, महापालिकेच्या आरोग्याधिकाऱ्याचे मत घेऊनच बुडाने नव्या वसाहतीला परवानगी द्यावी, आणि ते मत नागरिकांना वाचायला मिळावे, अशी आमची मागणी आहे.